दोन इंच

विनेमक्काच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि सेजब्रशची करडी झुडपं तेवढी उरतात,
तिथे आमचं पत्र्याचं गॅरेज.
दार अर्धंच उघडतं.
खाली वाकून आत शिरायची सवय झालीय सगळ्यांना.

आत आइताची गाडी
(बापाला आम्ही आइता म्हणतो)
नाक खाली घालून उभी,
जमिनीत हरवलेलं काहीतरी
हुंगत असल्यासारखी.

चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत टेप धरला.
पुढे वीस, मागे बावीस.
खडूने फरशीवर लिहून ठेवलं.
आइता म्हणाला, मला टेपाशिवाय दिसतं ते,
चाळीस वर्षं मेंढ्या मोजल्यात मी.

खोक्यात दोन काळ्या चकत्या, थोडे नट,
आणि सूचनांचा कागद, ज्यात आकृती तीन
आकृती दोनच्या आधी येते.
एवढ्याचे एकशे चाळीस डॉलर?
त्याने एक चकती तळहातावर तोलली.
चीजचा गोळा याहून जड भरतो, माइते.

कंपनीने गाडी मुद्दामच अशी बनवलेली असते,
मागे भार येणार म्हणून.
आणि भार यायचाही:
अडीचशे गॅलन पाणी, मिठाचे गठ्ठे, दोन कुत्री,
कधी एखादं आजारी कोकरू, ते मात्र पुढे, याच्या पायाशी.
मागचं बूड खाली बसायचं
आणि गाडी अगदी सरळ, ओळंब्यात.
सप्टेंबरात कळप विकला.
तेव्हापासून ती रिकामीच वाकून उभी आहे.

जॅक लावला. स्टँड सरकवले फ्रेमखाली.
खांद्याने धक्का देऊन पाहिलं, हलली नाही,
तेव्हा कुठे चाक काढलं.
पहिलाच नट गंजाने धरलेला.
रात्रभर तेल पाजलं होतं, तरी ढिम्म.
पान्याला चार फुटी पाइप जोडून मी लोंबकळले,
आइताने आमच्या भाषेतली एक शिवी हासडली,
आजीसमोर कधी न दिलेली,
आणि नट सुटला.

मधल्या नटाला हात लावू नकोस.
हे त्याने तीनदा सांगितलं.
त्या स्प्रिंगमध्ये खेचराची लाथ दाबून ठेवलेली आहे.
माहीत आहे, मी म्हटलं. तीनदा.

चकती बसली. तिच्यावर बोल्ट येईनात.
तो स्टुलावरून उठला,
एका हाताने खालचा दांडा दाबला
जसं अडलेल्या मेंढीचं पोट दाबतात,
ना जोराने, ना हळू.
आता, म्हणाला. आणि भोकं जुळली.

मग डावा बूट पुढे करून दाखवला मला.
खुब्याच्या ऑपरेशननंतर मोच्याने लावलेला
अर्ध्या इंचाचा रबरी तळ.
मीही उंच झालोय. चाल सुधारली.
पण आता उजवा बूट आधी झिजतो, ते लक्षात ठेव.
म्हणून मी सोमवारी अलाइनमेंटची वेळ घेतली.

कशाला चाललंय हे, त्याने विचारलं नाही.
वसंतात सांता रोझाच्या वाटेवर
ओढ्याच्या काठाला बंपर घासून आम्ही परतलो होतो.
वर अ‍ॅस्पेनच्या झाडांवर
एकोणीस वर्षांच्या मेंढपाळाने चाकूने कोरलेलं नाव आहे.
झाड जाडावलं की अक्षरं रुंदावतात, म्हणे.
मी ती पाहिलेली नाहीत.

अंधार पडता पडता गाडी खाली उतरवली.
दिवे लावले
तर उजेड भिंतीवरून निसटून
समोरच्या डेल्बर्टच्या माडीत घुसला.
खिडकी उघडून तो ओरडला, कोण मेलंय?
स्क्रू फिरवत फिरवत
उजेड खाली आणला, चिकटपट्टीच्या रेघेपर्यंत.

शेवटी पुन्हा टेप.
उजवीकडे बरोबर बावीस.
डावी बाजू पाव इंच जास्त.
आता परत सगळं खोलावं लागणार, मी म्हटलं.

राहू दे, आइता म्हणाला,
ऑपरेशननंतर अकरा महिने
ज्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता.
त्या बाजूला मी बसेन.